अस्सल हायब्रिड

२०२०च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मुलीला भेटायला आलेले वासुदेवराव व कुमुदिनीबाई नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्येच अडकले. वासुदेवराव पुण्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष होते. लग्नंच थांबल्यामुळे त्यांचं समाजकार्य खंडित झालं होतं.

मुलगी मृणालिनी गांजाच्या बियाण्यांच्या कंपनीत संकरतज्ज्ञ होती. पुण्यात सांगायला मात्र ती ‘औषधी वनस्पतींमध्ये’ होती. काम घरूनच चालायचं, त्यामुळे तिच्या मीटिंगा आईवडिलांनाही सक्तीच्या झाल्या.

एका मीटिंगमध्ये तिचा डच साहेब येरून रडकुंडीला आला होता. “गिऱ्हाइकांना झोपेसाठी इंडिका जातीचा गांजा हवा, उत्साहासाठी सटायव्हा. आणि जनुकं तपासली तर सगळीच झाडं मिसळलेली! पाकिटावर लिहायचं काय?”

वासुदेवराव कॅमेऱ्यात घुसले. “जनुकं कशाला तपासता? बापाचं घराणं बघा. आईकडचं विचारायचं नसतं.”

“बाबा, नराकडून परागकण घेतले की त्याला कंपोस्टमध्ये टाकतात,” मृणालिनी म्हणाली.

“लगेच?”

“लगेच.”

“पद्धत वाईट नाही,” मटार सोलत कुमुदिनीबाई म्हणाल्या.

बापच हयात नसल्याने घराण्यावर आक्षेप घेणारं कोणी उरत नव्हतं. येरूनला ही व्यवस्था शास्त्रशुद्ध वाटली. वासुदेवरावांची मानद कुलसल्लागार म्हणून नेमणूक झाली.

पाकिटावरचं घराणं यथावकाश कॉफीशॉपातल्या बरणीवर गेलं. या देशात कॉफीशॉपने गांजा विकलेला चालतो, आणलेला चालत नाही. त्यामुळे माल कुठून आला हे कोणी विचारत नाही. वासुदेवरावांना हा देश फार सुसंस्कृत वाटला.

मग इंडिकावाल्या गिऱ्हाइकांनी आपली बरणी सटायव्हाशेजारी ठेवायला हरकत घेतली. दुकानदारांनी दोन बरण्यांत दीड मीटर अंतर ठेवलं. करोनाचा सरकारी नियमही पाळला गेला. तेवढ्यात हायब्रिडवाले दुखावले. “आम्ही काय कमअस्सल?” त्यांच्यासाठी ‘सात पिढ्यांचा अस्सल हायब्रिड’ ही श्रेणी निघाली. लगोलग त्यांनी सहा पिढ्यांच्या हायब्रिडशी रोटीव्यवहार बंद केला.

पुढच्या वर्षी मृणालिनीला एक गोष्ट आढळली. पॅकिंगमधल्या घोळामुळे वर्षभर तिन्ही श्रेणींच्या पाकिटांत एकाच झाडाचं बी गेलं होतं.

“तक्रारी किती आल्या?” वासुदेवरावांनी विचारलं.

“एकही नाही. इंडिकावाले ढाराढूर झोपतात, सटायव्हावाले खिडक्या पुसत सुटतात.”

“मग घराणी शुद्धच म्हणायची.”

मृणालिनीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. वर्षभर टाळलेलं वाक्य आत्ता नाही तर कधीच बाहेर पडणार नव्हतं. “बाबा, मी लग्न करतेय. अपूर्व नाव त्याचं. आइंडहोवनला चिपच्या यंत्रांवर काम करतो. नगरपालिकेत तारीखही घेतलीये.”

“आडनाव?”

“नाही सांगणार.”

वासुदेवराव दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे सर्वांसमक्ष जेवले नाहीत. कुमुदिनीबाईंनी अपूर्वला फोन लावला. “स्वयंपाक येतो का रे?”

“हो काकू. तुमच्या मृणालिनीपेक्षा बरा.”

“मग आम्ही दोघंही येतोय,” त्या वासुदेवरावांकडे बघत म्हणाल्या.

लग्नात सगळे मास्क लावून लांब लांब उभे होते. वासुदेवराव कान टवकारून होते. निबंधक बाईंनी मास्कआडून, डच उच्चारात वराचं पूर्ण नाव वाचलं. त्यांना फक्त ‘ख्ख’ ऐकू आलं. तेवढ्यात अपूर्वने वाकून नमस्कार केला आणि मृणालिनी हसली. इतकी मोकळी हसताना त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातल्या अक्षता टाकल्या आणि मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

अपूर्वचं आडनाव आम्हाला ठाऊक आहे. इथे मुद्दाम दिलेलं नाही. मघापासून तुम्हीही तेच शोधताय, म्हणून.