चांगुणाबाईंनी माडीवरची पंचायत खाली उतरविली, ती हकीकत

श्रीमारुती प्रसन्न. शके अठराशे शहाऐंशी, महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षे उलटोन गेलेली, माहे पौष, ते समयीं वऱ्हाड प्रांती, जिल्हे बुलढाणा, तालुके चिखली, उंद्रीपासून दोन कोसांवर मौजे काटेपिंपरी येथे जे दारुण युद्ध जाले, त्याचे साद्यंत वर्तमान समस्त गावकरी मंडळींनी लिहून मागितले, म्हणोन लिहिले आहे. पाहिले ते लिहिले, ऐकिले ते लिहिले, आणि जेथे दोन साक्षीदार भांडले तेथे जी हकीकत अधिक गोड ती घेतली. न्यून असेल तर वाचणाराने पदरचे घालावे, परंतु आतले काढू नये, कां की बहुत मेहनतीने घातले आहे.

तर काटेपिंपरीस बाजारगल्लीत महादेवरावांचे घरात तळची खोली भाड्याने घेऊन शिवणकलानिधान, सुईधुरंधर, अखंडलक्ष्मीअलंकृत चांगुणाबाई राज्य करीत होत्या. बालपणी तापात दोन्ही पाय गेले ते गेलेच, मग बाईंनी सुताराकडून चार लोखंडी चाकांचा पाट करविला, त्यावर स्वार होऊन दोन्ही हातांनी भुई रेटीत त्या मुलूखभर फिरत, आणि चाकांची करकर ऐकिली म्हणजे गल्लीतली कुत्रीदेखील अदबीने बाजूस होत. पायांचे सगळे बळ हातांत उतरले होते. हाताने फिरवावयाचे मशीन पुढ्यात घेऊन उंबऱ्याशी बसल्या की गावच्या समस्त चोळ्या, बंड्या, सदरे त्यांचे हाताखालून जात, आणि कोणाचे पोट गेल्या सालापेक्षा किती सुटले याचा बिनचूक तपशील ग्रामपंचायतीस नव्हता तो बाईंस होता.

ऐसे सुखाने चालले असता, महादेवराव घरमालक यांचे मनात लोभाने ठाणे घातले. कोणी सायकलवाला तळच्या खोलीचे दुप्पट भाडे देऊ करून गेला, मग महादेवराव धोतराचा सोगा सावरीत आले, आणि फर्मान सोडिते जाहले, ते येणेप्रमाणे: "चांगुणाबाई, संक्रांतीपासून खालच्या खोलीचं भाडं दुप्पट. जमत नसन त माडीवरची खोली घ्या, जुन्याच भाड्यात देतो. वर हवा लय मस्त हाय."

बाईंनी जबाब दिला की, "मालक, हवा मस्त असन, पण मी वर जाऊ कशी? अन् गेली त खाली येऊ कशी?"

त्यावर "ते तुमचं तुमी पाहा" ऐसे बोलोन महादेवराव कूच करते जाहले. बाई मोठ्या धीराच्या, परंतु त्या दिवशी सदऱ्याची एक बाही उलटी शिवली, ती पहिलीच. माडीस अकरा पायऱ्या. वर जाऊन बसावे तर पाट वर नाही, बाजार वर नाही, गिऱ्हाईक तर चोळीच्या एका टाक्यासाठी अकरा पायऱ्या चढेल हे कलियुगात घडणे नाही. माडी म्हणजे कैदच, आणि ती जन्माची. आणि दुप्पट भाडे शिवणावर निघेना. बाईंस खरोखर भय वाटले.

आता ग्रामपंचायतीत एक निधी होता. अपंग, आंधळे, पांगळे यांस घरभाड्यास मदत करावी, ऐसा ठराव मोठ्या समारंभाने होऊन, हारतुरे होऊन, मग त्या निधीतून गेल्या साली सभेकरिता सहा वेताच्या खुर्च्या खरेदी जाल्या होत्या. कारण लिहिले होते की, अपंगांचा विचार करणारे पंच भुईवर बसले तर त्यांचे पायांस मुंग्या येतात आणि विचार खुंटतो. खुर्च्या मांडिल्या त्या पंचायतीच्या माडीवर, आणि त्या माडीचा जिना तेरा पायऱ्यांचा, म्हणजे महादेवरावांच्या माडीहून दोन पायऱ्यांनी बुलंद.

बाईंनी अर्ज केला. चार दिवसांनी पंचायतीचा जासूद खलिता घेऊन आला की, अर्जदाराने मंगळवारी अकरा वाजता सभेपुढे, माडीवर, जातीने हजर व्हावे.

पहिली स्वारी निघाली ती अशी. बाई पाटावर स्वार होऊन सूर्योदयीच जिन्याखाली दाखल जाल्या आणि तेथेच मोर्चा धरोन बसल्या. अकराचे सुमारास वर सभा भरली, ग्रामसेवक अर्जुनराव, जे मूळचे दुसरबीडचे आणि कायद्याचे मोठे कट्टर, त्यांनी माडीवरून पुकारा केला, "चांगुणाबाई हाजीर हाय का?" खालून बाईंनी ओ दिली, "हाव जी! इथी खाली बसली हाये!" अर्जुनरावांनी दुसऱ्यांदा पुकारिले, बाईंनी दुसऱ्यांदा ओ दिली. तिसऱ्यांदा पुकारिले, तिसऱ्यांदा बाई ऐशा ओरडल्या की पिंपळावरचे कावळे उठोन गेले. मग अर्जुनरावांनी दौतीत टाक बुडवोन शांतपणे लिहिले: अर्जदार तीन वेळा पुकारूनही माडीवर दिसून आली नाही, सबब गैरहजर.

दुसरी स्वारी पुढले मंगळवारी, ती त्याहून घनघोर. बाईंची शेजारीण खुर्शीदाबी, बांगड्यांचा व्यापार करणारी, बोलण्यात तलवार आणि मसलतीत वजीर, तिने चार बायका जमा केल्या, बाईंस बाजेवर बसविले आणि बाज उचलोन तेरा पायऱ्यांवर चढाई केली. पाचवे पायरीस बाज कलली, आठवे पायरीस एकीची बांगडी फुटली, दहावे पायरीस बाईंनी मारुतीचा धावा केला, खुर्शीदाबीने अल्लाचा केला, आणि दोघांनी मिळोन बाज वर घेतली. बाई सभेपुढे घामाघूम दाखल जाल्या. सरपंच गुलाबराव, माडीपती, सहाखुर्चीअधिपती, यांनी त्यांस खालवर न्याहाळिले, पंचांनी मान डोलाविली, आणि अर्जुनरावांनी लिहिले: अर्जदार माडीवर समक्ष हजर, सबब जिना चढण्यास समर्थ, सबब अपंगत्व शाबीत होत नाही.

हाय हाय! ऐसा न्याय कोणते दरबारी कोणी पाहिला? खाली राहावे तर गैरहजर, वर जावे तर धडधाकट. त्या रोजी बाई आपले खोलीत येऊन मशीनावर डोके ठेवोन रडल्या. संक्रांत आठ दिवसांवर आली होती.

खुर्शीदाबी उंबऱ्यात उभी राहोन बोलली ते नमूद करणे अवश्य आहे: "काऊन रडून राह्यली वं? अगं, हे लोक पायानं खाली उतरत नाईत. पोटानं उतरतात. रोडगे कर."

बाईंनी डोळे पुसले. मसलत तत्क्षणी ध्यानी आली. पंचायतीचे अंगणात मारुतीचा पार आहे, आणि काटेपिंपरीचा जुना रिवाज ऐसा की नवसाचा रोडगा, म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या ज्या आरावर भाजला त्या आरापाशीच, भुईवर बसोन खावा, उंबरा ओलांडवू नये, पायरी चढवू नये, आणि बोलावले असता नाही म्हणू नये, नाहीतर मारुती कोपतो. त्यांनी त्याच वेळी नवस बोलिला की, देवा, माझी खोली राहू दे, तुझ्या अंगणात गावाला रोडगे घालते. देवाने आधी ऐकावे की आपण आधी घालावे याचा वाद बाईंनी केला नाही. आधी घालण्याचे ठरविले.

मग रसद जमा होऊ लागली. गव्हाचे जाडे पीठ घरोघरून आले, कां की चोळी फुकट रफू करून घेतली नाही ऐसे घर गावात नव्हते. गोवऱ्या आल्या, तूर डाळ आली, उंद्रीहून तुपाचा डबा आला, आणि खुर्शीदाबी काटेरी देठांची वांगी टोपलीभर घेऊन आली. संक्रांतीचे आदले दिवशी, मंगळवारी, वर सभा भरली आणि खाली गोवऱ्यांस बत्ती दिली. कणीक बाईंनी स्वहस्ते मळिली. पाटावर बसोन ऐसी मळिली की परात भुईवर सरकत सरकत पारापर्यंत गेली आणि दोघीजणींनी ती परत ओढोन आणिली.

बारा वाजता आर फुलला. एक वाजता रोडग्यांचा खरपूस वास जिन्याने वर निघाला. दीड वाजता वांग्याच्या भाजीस फोडणी बसली, आणि तो वास सडकेवरील एसटीतदेखील शिरला म्हणतात. वर सभेत गटारीच्या विषयावर चर्चा होत होती. चर्चा बंद पडली.

पहिला पाडाव जासुदाचा जाला. पाणी आणावयास म्हणोन उतरला, तो उतरलाच. मग दोन पंच "धूर कशाचा, चौकशी करतो" ऐसे सांगोन खाली आले आणि चौकशी करीत पंगतीत बसले. मग आणिक दोघे चौकशी करणारांची चौकशी करावयास आले. अर्जुनराव कायद्याचे कट्टर, ते सभेचे रजिस्टर काखेत घेऊनच उतरले, कां की दफ्तर बेवारस सोडू नये ऐसा नियम आहे, परंतु जेवू नये ऐसा नियम कोठे नाही.

सरपंच गुलाबराव एकटेच सहा खुर्च्यांचे मध्ये उरले. त्यांनी माडीच्या कठड्यावरून हुकूम सोडिला, "अरे, मह्यं ताट वर पाठवा बे!" खालून पंगतीने एकमुखाने जबाब दिला की, "सरपंचसाहेब, नवसाचा हाय! पायरी चढत नाई!" गुलाबरावांनी घटकाभर तग धरिला. वाढणारीने तूप ओतिले, त्याची धार त्यांनी वरून पाहिली. मग एका पायरीवर एक पाऊल ठेवीत, इभ्रत सांभाळीत, तेरा पायऱ्या उतरोन खासा सरपंच भुईवर आला, आणि जागा एकच शिल्लक होती ती चांगुणाबाईंचे शेजारी.

तेथे एक नवल जाले. आजवर पाटावरून बाईंनी सरपंचाचे धोतरच पाहिले होते, आज त्यांचे तोंड आपल्या तोंडासमोर दिसले. भुईवर मांडी घातली म्हणजे सगळी पंगत एका उंचीची होते, हे त्या दिवशी पुष्कळांचे प्रथमच ध्यानी आले. आणि बाईंनी हेही पाहिले की सरपंचाचे सदऱ्याची कॉलर उसवली आहे.

गुलाबरावांनी रोडगे खाल्ले ते सात. पंचांनी पाच-पाच. महादेवराव घरमालक नवसास नाही कसे म्हणावे म्हणोन आले होते, त्यांनी नऊ खाल्ले आणि दहाव्यास फक्त लाजेने नको म्हटले. मग हात धुऊन गुलाबराव सभा पुढे चालवावयास जिन्याकडे निघाले. एक पायरी चढले. दुसरी चढले. तिसरीवर कठडा धरोन बसले ते बसलेच. पोटात तुपाचा समुद्र हेलावत होता. तेव्हा त्यांनी क्षीण स्वरे आज्ञा केली, "अर्जुनराव, सभा इथीच घ्या. मले आता वर चढनं होत नाई."

हे शब्द पंगतीने ऐकिले, आणि मग खुर्शीदाबीने भाजीचा चमचा उंच धरोन जाहीर केले की, चारी पंच हजर, सरपंच हजर, रजिस्टर हजर, आता कोण राह्यलं ते पुकारा.

अर्जुनराव ढेकर आवरीत उभे राहिले. बाई त्यांचेपासून हातभर अंतरावर. तरी कायद्याप्रमाणे त्यांनी पुकारिले, "चांगुणाबाई हाजीर हाय का?"

"हाव," बाई म्हणाल्या. "हाये."

आणि मग त्या बोलल्या ते येणेप्रमाणे: "साहेब, मले माडीचा राग नाई. भेव वाटते. एक डाव वर नेऊन बसवली त मी जितेपणी खाली येनार नाई. तुमी आत्ता तिसऱ्या पायरीवर बसले, तसंच मह्यं रोजचं हाय. मी काई भीक मागून राह्यली नाई, खालची खोली मागून राह्यली. अन् एकटीचंच मंजूर केलं त मले नको. हे कारभारीभाऊ पाहा, दोर वळतेत, डोळ्यानं दिसत नाई. त्याईले त माडी कुठी हाय हेबी कोनी सांगितलं नाई."

पंगतीच्या टोकास बसलेले आंधळे कारभारी बोलिले की, "माडी हाय का गावात? मले वाटे पंचायत झाडावर भरते." सगळी पंगत हसली, आणि हसता हसता सरपंचाकडे पाहू लागली.

सरपंच तिसऱ्या पायरीवर खाली मान घालून बसले होते. मग बोलिले की निधी तर खुर्च्यांवर खर्च जाला, आता द्यावे कोठून? खुर्शीदाबी म्हणाली, "मंग खुर्च्याच खाली आना." जासुदाने सहा फेऱ्या करून सहा खुर्च्या अंगणात आणिल्या, आणि एक सरपंचास चढणे-उतरणे न जमल्यास टेकावयास ठेवोन बाकीच्या पाच उंद्रीच्या बाजारी विकाव्या, ऐसे ठरले.

तहाची कलमे लिहिली गेली ती ऐसी की, खोलीचे जे भाडे जास्ती ते निधीतून दरमहा महादेवरावांस पोचावे, महादेवरावांनी बाईंस तळच्या खोलीतून हलवू नये, कारभारी यांस व गावात ऐसे जे कोणी असतील त्यांस तैसेच द्यावे, आणि निधीस दरसाल बाजाराचे वसुलीतून रक्कम लावावी. खुद्द सरपंचास तिसरी पायरी चढली नाही, सबब जिन्यावरून कोणाचे अपंगत्व ठरवू नये, हेही लिहिले. महादेवरावांनी अंगठा केला, कां की सही करावयास बोटे तुपाने घसरत होती.

येणेप्रमाणे काटेपिंपरीचे युद्ध फत्ते जाले. जायबंदी कोणी नाही, एक बांगडी वगळता. तेव्हापासून पंचायत खाली पारापाशी सतरंजीवर भरते, आणि माडीवर कबुतरांनी अंमल बसविला आहे. अर्जुनरावांचे रजिस्टरात पौष महिन्याचे पानावर तुपाचे बोट उमटले आहे, आणि त्याचे शेजारी दोन शब्द आहेत: चांगुणाबाई, हजर.

संक्रांतीस बाई आपले उंबऱ्याशी मशीन घेऊन बसल्या, सरपंचाची कॉलर शिवीत. गल्लीतून जाता जाता माणसे नाव घेऊन हाक मारीत, आणि बाई सगळ्यांस ओ देत, आणि ओरडावे लागत नव्हते.