नोंद क्रमांक चौदा : खुर्ची, माणसासह

जे आपोआप टिकून आहे, ते टिकवायला समिती लागते. व्हरमाँटमधल्या त्या गावात माणसं तीनशे बारा आणि समित्या सत्तावीस होत्या. तरी वारसा समिती नव्हती. हा कलंक मार्चच्या ग्रामसभेत पुसण्यात आला.

पन्नास वर्षांत काडीचाही बदल न झालेल्या वस्तूंची यादी वाचली गेली. लाकडी छपराचा पूल, चर्चची तडकलेली घंटा आणि चौदाव्या क्रमांकावर दुकानातल्या शेगडीजवळची खुर्ची. फोटोत तिच्यावर नव्वदीचे ऑरिन प्रॅट होते. (ती रिकामी कधी सापडलीच नाही.) म्हणून नोंद झाली : 'खुर्ची, माणसासह'. घरोघरून आणलेलं जेवण निवत होतं. यादी एकमताने मंजूर झाली.

ऑरिनच्या मुलीला, लिओनाला, अभिमानच वाटला. तो गुरुवारपर्यंत टिकला. त्या दिवशी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख चुकली तर पुढची थेट जूनमध्ये. इकडे मेपलच्या झाडांतून गोड रस झरायला लागलेला. तो उकळताना पाक नेमका कधी उतरवायचा, हे ऑरिनना नुसतं बघून कळायचं.

समितीच्या अध्यक्षा विनिफ्रेड बीड दुकानाच्या दारातच आडव्या आल्या.

"प्लास्टिकचं भिंग बसवणार? एकोणीसशे चौतीसच्या माणसाला?"

"अहो, त्यांना दिसत नाही!"

"घंटा तरी कुठे वाजते, लिओना? बदलली का कोणी?"

वस्तू हलवायची तर पुढच्या मार्चच्या ग्रामसभेची मंजुरी लागेल. तोवर शेजारी माहितीफलक लावून मिळेल. शिवाय पर्यटकांत चारशे टक्के वाढ झाली होती. (आधी एक, आता पाच, पैकी दोघं रस्ता विचारायला आलेले.)

"विने," ऑरिन म्हणाले, "काही म्हणजे काही बदललेलं चालत नाही?"

"तिळमात्र नाही."

ऑरिननी वरची-खालची कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "शहाऐंशी शाली बशवली," ते म्हणाले.

बनावट भाग सापडल्याने नोंद तिथल्या तिथे रद्द झाली. शुक्रवारी पट्टी निघाली. ऑरिन बराच वेळ बघत राहिले.

"लिओना, अगं, म्हातारी झालीस की गं तू!"

लिओना इतकी हसली, की नर्सला बाबांऐवजी तिचेच डोळे पुसावे लागले.

खुर्ची मात्र आता अपूर्ण आहे. बसल्या जागेवरून न हलता, समोर चाललेलं सगळं नुसतं बघत राहील, असा माणूस समितीला हवा आहे. आपण इथवर वाचत आलात. आपलं नाव कळवलं आहे.