वेंकोबारावांची थंड पेटी

लहानपणी आम्हाला दटावून सांगत, भर दुपारी बारा वाजता पिंपळाखालून जाऊ नका, त्या वेळेला धरतं. इथे चेन्नईत आमच्या गल्लीत पिंपळ नाही, पण शेजारच्या वेंकोबारावांना रोज दुपारी बाराच्या सुमाराला धरतं. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

सकाळभर या माणसाच्या घरात आवाज म्हणून नाही. बारा वाजत आले की त्यांच्या घरातून एकदम घरघर उठते. ग्राइंडर फिरायला लागतो, वॉशिंग मशीन थडथडतं, पाण्याची मोटर हंबरते, मिक्सर किंचाळतो. वाटावं, आत लग्नघर आहे. खिडकीतून डोकवावं तर माणूस नाही. रिकाम्या घरात यंत्रं आपली आपण नाचतायत, आणि मधून वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, खोचलेले वेंकोबाराव डोळे तारवटून इकडून तिकडे पळतायत. मग कुंपणाशी येऊन हाक देतात, "बाई! तांदूळ-उडीद भिजले कां? आणा, आणा! वेयिल वाया जाते आहे!"

वेयिल म्हणजे ऊन. वेंकोबाराव तंजावरकडचे मराठी. त्यांचं बोलणं ऐकलं की वाटतं कुणी जुना खलिता वाचून दाखवतंय आणि वाचता वाचता मधेच तमिळमध्ये घसरतंय. मी सांगलीकडची. मुलगा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हा त्याच्यामागे इथे अड्यारला आले. मुलगा आणि सून सकाळी जातात ते रात्री येतात. दिवसभर मी, भिंती आणि कामवाली सेल्वी. अशात कुंपणापलीकडून कुणी "बाई" म्हटलं, की मग ते राजाच्या भाषेत का असेना, जीव सुपाएवढा होतो.

त्यांच्या गच्चीवर सोलारचे पॅनल आहेत. गल्लीत आणखीही घरांवर आहेत, पण लोक ते बसवतात आणि विसरतात. वेंकोबारावांचं तसं नाही. उजाडलं की हे मऊ फडकं घेऊन गच्चीवर. कावळा बसलेला दिसला की त्याच्याशी तमिळमध्ये भांडण. आमच्या सोसायटीच्या नारळाची सावली दुपारनंतर त्यांच्या एका पॅनलवर पडते. त्यावरून आमच्या सेक्रेटरीकडे ते तीनदा आले. सेक्रेटरी म्हणाला, "सर, सावली आमची असली तरी ऊन हलवतंय तिला, मी काय करू?" त्यावर वेंकोबाराव गंभीरपणे म्हणाले, "सूर्याकडे मी बोललों आहे. तो आपल्या बाजूने वाट बदलणार नाही म्हणतो." सेक्रेटरी त्या दिवसापासून त्यांच्यासमोर एकटा येत नाही.

माझ्या मुलाने एकदा त्यांना समजावलं, "काका, जास्तीची वीज तारेतून परत पाठवा की. बिलात वजा होते. सगळं बाराच्या ठोक्याला कशाला चालवता?"

"सूर्याने मजला दिलेले मी तारेला कां देऊं?" वेंकोबाराव म्हणाले. "आणि तार तुटली म्हणजे?"

"तुटली तर जोडतील."

"जोडतील," वेंकोबाराव म्हणाले आणि असे काही हसले की मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, त्यांच्याकडे तू एकटी जात जाऊ नकोस बाई."

मी जायची ते जायचीच.

त्यांच्या जिन्याखाली बॅटऱ्या आहेत. काळ्या, ठेंगण्या, ओळीने बसलेल्या. प्रत्येकीला चंदनाचा टिळा आणि वर कुंकू. सूर्य वर आला की आधी त्यांची पोटं भरायची, त्या तुडुंब झाल्या की मग ग्राइंडर आणि मोटर, असा नेम. पण त्या बॅटरीतली वीज वापरायची? छे! सूर्य बुडाला की घर काळं ठिक्कर. देवापुढे एक तेलाचा दिवा तेवढा. त्याच्या उजेडात ते खिडकीशी बसलेले असतात, हातात ताडाच्या पानाचा पंखा, घामाने निथळत. खालून उजेड पडलेला तो चेहरा पाहून गल्लीतली मुलं त्यांच्या आवारात गेलेला चेंडू सोडून देतात.

एकदा तिन्हीसांजेला मी न राहवून म्हटलं, "अहो, एवढा करंट कोंडून ठेवलाय, एक पंखा तरी लावा की!"

"तो वेळेसाठी आहे, बाई."

"कसली वेळ?"

ते पंखा हलवत म्हणाले, "येईल तेव्हा कळेल. मजला नाही कळणार. तुम्हांस कळेल."

त्या उकाड्यात माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी दूध उतू जाईल म्हणून घरी पळाले. गॅसवर दूध नव्हतंच.

मग गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या दाराशी एक छोटा टेम्पो येऊन थांबला. त्यातून माणसांनी एक लांबलचक पेटी उतरवली. खाली पांढरा पत्रा, वर काचेचं झाकण, मागे वायर. तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर कदाचित नसेल पाहिली, पण इथे ती पोरंसोरंसुद्धा ओळखतात. चेन्नईतल्या घराघरातली मुलं परदेशी. घरात कुणी वारलं की मुलं पोचेपर्यंत थांबायचं असतं. मग ही थंड पेटी भाड्याने आणतात, गेलेल्या माणसाला हॉलमध्ये तिच्यात निजवतात आणि येणारे-जाणारे काचेतून शेवटचं पाहतात. पेटी दाराशी आली की गल्लीने समजायचं ते समजायचं.

गल्लीने समजलं. सेल्वीने "अय्यो, ताता!" म्हणून छाती बडवायला सुरुवात केली; ताता म्हणजे आजोबा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळसे तसेच टाकून आला. फुलवालीने मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार पाठवला. मीही साधं लुगडं नेसून निघाले. वाटेत मनाशी घोकत होते की घरच्यांना काय बोलायचं, आणि फाटकात पोचल्यावर आठवलं की या घराला घरचे नाहीतच. सांत्वन करायचं तरी कुणाचं?

तेवढ्यात आतून आवाज आला, "हळू, हळू! काच आहे रे!" आणि वेंकोबाराव स्वतः बाहेर आले.

सेल्वीचा हात छातीवर तसाच राहिला. हार घेऊन आलेला माणूस हार कुठे लपवावा ते कळेना म्हणून उभा. वेंकोबारावांनी तो त्याच्या हातून काढून घेतला, वास घेतला. "मल्ली ताजी आहे. आत ठेवूं. पुष्कळ टिकेल."

"अहो पण ही पेटी कशाला?" मी विचारलं.

"जुनी आहे बाई, पण यंत्र उत्तम आहे. घरचा फ्रीज लहान पडतो."

 एकटा माणूस, त्याला फ्रीज लहान पडतो!

त्यानंतर रोज दुपारी त्या घरघरीत एक नवा आवाज मिसळला. खोल, एकसुरी हूंऽऽ, कुणी दात मिटून गुणगुणावं तसा. आणि रोज दुपारी सेल्वीबरोबर माझ्यासाठी लोटीभर ताक यायला लागलं. कढीपत्ता, हिंग, आलं आणि असं गारेगार की कपाळ दुखावं. मी दोन आठवडे त्या ताकाचे गोडवे गायले. मग एक दिवस वेंकोबाराव कुंपणावरून म्हणाले, "तुम्हांस पेटीतले ताक मानवले म्हणायचे."

मी मोरीत जाऊन चूळ भरभरून तोंड धुतलं. रात्री मुलाला सांगितलं, तर तो घास हातात धरून हसतच सुटला. "आई, ताक काही मेलेलं नव्हतं ना?"

खोटं कशाला सांगू, चार दिवसांनी मी पुन्हा ताक प्यायला लागले. चेन्नईच्या मे महिन्यात माणूस फार तत्त्वाचं राहू शकत नाही.

आता ज्या दुपारचं सांगायचंय ती दुपार. हाक आली नाही. बारा वाजून गेले, ग्राइंडर नाही, मोटर नाही, फक्त ते हूंऽऽ. मी भिजवलेल्या तांदळाची पातेली घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत खिडक्या मिटलेल्या, त्यामुळे आधी काहीच दिसेना. पायांना गार लागत होतं. मग पेटीची काच दिसली. ती धुक्याने पांढरी झाली होती. आणि काचेखाली, या टोकाला, दोन तळपाय होते.

 हातातली पातेली खाली ठेवावी एवढंही सुचेना. तळपायांच्या पुढे वेष्टीची कड, त्याच्या पुढे पोटावर ठेवलेले हात, पुढे सगळं धुकं. बाहेर ढग आला असावा, कारण ते गुणगुणणं एकदम खाली उतरलं आणि पुन्हा चढलं. आणि मग काचेवर आतून एक पंजा उमटला. तो सावकाश या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरला. धुकं पुसलं गेलं, आणि त्या पुसलेल्या जागेतून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"बाई," पेटी म्हणाली, "किती वाजले?"

माझ्या हातातली पातेली निसटली. सगळे तांदूळ फरशीवर. झाकणाच्या फटीत पंच्याची घडी सारलेली होती, तिथून झाकण उचललं गेलं आणि वेंकोबाराव उठून बसले. अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी. मे महिन्यात! नाकाचा शेंडा लाल.

"अहो, ही काय थट्टा झाली? आत्ता माझं काही झालं असतं म्हणजे?"

"थट्टा नव्हे, परीक्षा," ते टोपी सोडवत म्हणाले. "तार काढून ठेविली आहे. निव्वळ वेयिल आणि बॅटरी. माणूस आत असतां ही किती करंट ओढते ते पाहणे होते. रिकामी पेटी आणि ताकाची पेटी, यांवरून माणसाचा हिशेब कसा कळणार?"

"कुठल्या माणसाचा?"

"माझा. दुसरे कोण आहे या घरांत?"

 मग त्यांनी पेटीच्या काठावर बसूनच सांगितलं, पाय बाहेर सोडून, तांदळाकडे बघत.

त्यांची बायको अंबूबाई गेली ती एका डिसेंबरात, मी इथे यायच्या आधी. मुलगी शारदा अमेरिकेत. पेटी आणली, मुलगी विमानात बसली, आणि वादळ आलं. गल्लीत गुडघाभर पाणी, करंट गेला, जनरेटर कुणाकडे मिळेना. विमानतळ बंद, मुलगी भलत्याच गावी अडकलेली. "पेटी कोमट होऊं लागली, बाई. मी काचेला हात लावून बसलों होतों. हाताला कळते ना. वडीलधारे म्हणाले, आता थांबणे बरे नव्हे. नेले. शारू आली तेव्हां इथे जमिनीवर दिवा होता फक्त. एकच बोलली. अप्पा, थोडे थांबतां आले नाही?"

"मग?"

"मग काय. गेली परत. सणाला निरोप पाठविते. आली नाही मात्र. रागावली असती तर भांडलों असतों. रागावलीही नाही." त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "म्हणून हे. माझ्या वेळेस कितीही वादळ येऊं दे, तार तुटूं दे, ही चालणार. तिने धावपळ करूं नये. सावकाश यावे. तोंड पाहूं दे तिला. आईचे राहिले, माझे तरी."

मला गहिवरून आलं आणि गहिवर आला की माझ्या तोंडून काहीतरी भलतंच निघतं. म्हटलं, "पण वेंकोबाराव, तुमचा हिशेब चुकतोय. तुमच्या अंगाला ऊब आहे. पेटी तुम्हाला गार करायला धडपडतेय, ती जास्त ओढणारच. मेलेलं माणूस मुळात गार असतं."

 हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःचा तळहात त्यांनी गालाला लावून पाहिला.

"म्हणजे मी असेतों हिशेब जुळायचाच नाही?"

"नाही."

"अय्यो," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या एका शब्दात होतं.

"अहो, तोंडच दाखवायचंय ना तिला?" मी म्हटलं. "मग हे काय आहे, मानेवर? आत्ताच बोलवा की. काच कशाला मधे?"

"बोलवूं?" जणू मी त्यांना काही अमानुष सुचवलं होतं. "तिला काम असते. मी काय सांगूं, कशासाठी ये म्हणून?"

"फोन लावा. मग सुचेल."

"तिकडे मध्यरात्र असेल."

"असू दे मध्यरात्र. इकडे आहे ना उजेड?"

त्यांनी फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्याने बोलणारा. घंटी वाजत राहिली. ते अजून पेटीच्या काठावरच बसलेले, आणि स्वेटरमधून आता घामाच्या धारा. मग पलीकडून झोपेतला, घाबरलेला आवाज आला. "अप्पा? काय झालं? कोण गेलं?"

वेंकोबारावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवून तांदूळ गोळा करायला लागले.

"कोणी नाही गेले, शारू," ते म्हणाले. "मीच बोलतों. जिवंत आहे, म्हणून फोन केला."

  पलीकडून दिव्याचं बटण दाबल्याचा खट् असा बारीक आवाज आला, कुणी उशी सरकवल्यासारखं झालं.

"बोला अप्पा," ती म्हणाली. "मी उठून बसले आहे."