राजाच्या मृत्यूचं अधिकृत कारण

राजा एकाक्ष वारला त्या दुपारी मी रीतसर मंजूर झालेल्या अर्ध्या दिवसाच्या रजेवर होतो, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. पुढे जे काही घडलं त्याची जबाबदारी ठरवताना हा मुद्दा उपयोगी पडेल. आजवर पडलेला नाही, तो भाग वेगळा.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत, विश्वनिर्मिती विभागात नोकरीला आहे. पद कनिष्ठ विश्वनिर्माता. माझ्यावर एक वरिष्ठ विश्वनिर्माते आहेत. ते विश्व निर्माण करत नाहीत, रजा मंजूर करतात. आमचा विभाग हिशेब खातं आणि स्वच्छतागृह यांच्या मधल्या खोलीत आहे. तलवारी, राक्षस आणि ओसाड किल्ले असलेल्या खेळाला मागची गोष्ट लागते. कोणत्या घराण्याने कोणाचं राज्य बुडवलं, ड्रॅगन का चिडला, विहिरीला शाप कोणी दिला, हे सगळं आम्ही लिहितो. मात्र ते सांगायचं नाही, असा नियम आहे. सरळ सांगितलं तर खेळाडू बटण दाबून पुढे पळतो. तीच गोष्ट फाडून थोडी थडग्यावर कोरली, थोडी मोडक्या ढालीच्या मागे लिहिली आणि उरलेली दलदलीत टाकली, की तोच खेळाडू गुडघाभर चिखलात उतरून ती गोळा करतो आणि आम्हाला प्रतिभावान म्हणतो.

'राखगड' या आमच्या खेळात किल्ल्याच्या तळघरात एक चांदीचा पेला सापडतो. तो उचलला की शेजारच्या चौकटीत मजकूर दिसतो. मी लिहिलं होतं, 'राजा एकाक्ष शेवटचं पाणी याच पेल्यातून प्यायला आणि वयोमानानुसार शांतपणे गेला.' तलवारीची चौकट मोठी असते आणि पेल्याची लहान, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची होती, म्हणून मी निघालो. खेळाची चाचणी करणाऱ्या बाईंनी वरिष्ठांना विचारलं, "सर, पेल्याचं वाक्य 'आणि'वर तुटतंय. चालेल का?"

वरिष्ठ तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी रजा नामंजूर करत होते. मान वर न करता म्हणाले, "गूढ वाटतंय. राहू द्या."

खेळ बाजारात आला. लोक उड्या मारत, आग ओकत तळघरापर्यंत पोचले, पेला उचलला आणि थबकले. राजा पाणी प्यायला आणि? एका भाष्यकाराने या 'आणि'वर व्हिडिओ काढला. तो आमच्या खेळापेक्षा लांब होता. लिहिणाऱ्याचा हात कोणीतरी धरला, त्याला पुढचं लिहू दिलं नाही, सबब राणीने विष घातलं, असा त्याचा निष्कर्ष होता. लगेच दुसऱ्या भाष्यकाराने त्याला खोडून काढलं. पेल्याला एक पोचा आहे, म्हणजे तो हातातून पडला, म्हणजे राजावर पाठीमागून वार झाला, म्हणजे सेनापतीचा खंजीर. तो पोचा आमच्या चित्रकाराने पेला जुना दिसावा म्हणून काढला होता. चित्रकार हे सांगायला गेला तर त्याला सेनापतीचा माणूस ठरवण्यात आलं.

विषपक्ष आणि खंजीरपक्ष असे दोन तट पडले. मी घाबरून वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, "सर, साधी चूक आहे. चौकट थोडी रुंद करू, विषय संपेल."

त्यांनी उठून दार लावलं. "चूक कसली? विक्री बघितलीस का? लोकांना राजा कसा मेला ते कळलं, तर पुढचा भाग घेईल कोण?"

"पण तो नुसता म्हातारा झाला होता, सर."

"हे तू बोलला नाहीस आणि मी ऐकलं नाही. मौन ही आपली अधिकृत भूमिका आहे."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. राजाच्या मृत्यूबाबत एकाही कर्मचाऱ्याने कुठेही तोंड उघडायचं नाही. त्याच परिपत्रकात 'हेतुपुरस्सर अपूर्णता कक्ष' स्थापन झाल्याची घोषणा होती आणि त्याचा प्रभारी म्हणून माझं नाव होतं. आता मी वाक्य पूर्ण लिहायचं, मग समितीने ते कुठे तोडायचं ते ठरवायचं, अशी पद्धत सुरू झाली. एका वाक्याच्या दोन तोडी सुचल्या तर मतदान होई.

एवढ्यात कोणीतरी तक्रार केली की पेल्यावर राजाचा एकेरी उल्लेख आहे आणि त्यामुळे भावना दुखावल्या आहेत. कंपनीने तातडीने 'राजे एकाक्ष महाराज' असं करून घेतलं. त्याला जागा जास्त लागली आणि 'आणि' चौकटीबाहेर जायला लागलं. त्यावर दोन्ही पक्ष पहिल्यांदा एकत्र आले. 'आणि'ला हात लावाल तर याद राखा, असा मजकूर आमच्या दारावर कोणीतरी रंगवून गेलं. शेवटी 'शेवटचं पाणी' हे शब्द काढले. त्यामुळे महाराज पेल्यातून नेमकं काय प्यायले, यावर तिसरा पक्ष निघाला.

हे सगळं कंपनीपुरतं राहिलं असतं तर मी मूग गिळून बसलो असतो. पगार वेळेवर होता. पण घोडं अडलं ते आमच्याच बैठकीच्या खोलीत.

आमचे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही, त्यामुळे त्यांची मतं पक्की आहेत. निवृत्तीनंतर ते भाष्यकारांचे व्हिडिओ बघायला लागले आणि कट्टर खंजीरपक्षात गेले. राणी निष्कलंक आहे, हे ते जेवताना, दाढी करताना आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनासुद्धा सांगत. तिकडे धाकटीच्या होणाऱ्या नवऱ्याला त्याच्या आत्याने वाढवलेलं. आत्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, जन्म औषधं विकण्यात गेला, विष म्हणजे काय ते मला शिकवू नका.

लग्नाची तारीख ठरवायला त्या आल्या. चहा झाला, हसणं-खिदळणं झालं. धाकटी दातांची डॉक्टर, होणारा नवरा पूल बांधणारा इंजिनियर, दोघांचं जमलेलं होतं, आम्ही फक्त मान डोलवायची होती. तेवढ्यात आत्या धाकटीच्या पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाल्या, "घरात येणारी मुलगी विश्वासाची असली म्हणजे झालं. नाहीतर व्हायचं त्या राखगडच्या राणीसारखं."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"अहो, गंमत केली."

"गंमत? एका बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे आणि गंमत म्हणायचं? पुरावा आहे तुमच्याकडे?"

आत्यांनीही पदर खोचला. "पुरावा कसला मागता? माणूस पेला तोंडाला लावतो आणि जागच्या जागी कोसळतो. ते काय वारं लागून?"

"आणि पोचा? पोच्याचं काय करता?"

इंजिनियर मध्ये पडला. "आत्या, काका, अहो, या खोलीत तो खेळ खेळलेला मी एकटा आहे. मी तर ते पेल्याचं वाचलंसुद्धा नाही. बटण दाबून पुढे गेलो."

दोघांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बशीतलं बिस्किट उलटसुलट करत बसला. ज्या घरात राणीची बदनामी होते त्या घरात मुलगी देणार नाही, असं बाबा म्हणाले. ज्या घरात विषारी बायकांना पाठीशी घालतात तिथली मुलगी नको, असं आत्या म्हणाल्या. तारीख राहिली बाजूलाच.

धाकटी माझ्या खोलीत आली. म्हणाली, "दादा, दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि अवाक्षर बोलत नाहीत. घरी आलं की तोंड बंद म्हणून कोणाचं होत नाही. ते वाक्य तूच लिहिलंस ना? मग सांगून टाक की दोघांना राजा कशाने मेला ते."

"नोकरी जाईल गं."

"मग माझं लग्न जाऊ दे." ती हे भांडल्यासारखं नाही, शांतपणे म्हणाली, आणि तेच मला सहन झालं नाही. मला तिची दया आली आणि स्वतःसाठी भीती वाटली. त्यातल्या त्यात दया जास्त निघाली.

दोन्ही घरच्यांना पुन्हा बोलावलं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चौकट, रजा, तुटलेलं वाक्य. शेवटी म्हणालो, "राजे वयोमानानुसार गेले. राणीने काही केलं नाही, सेनापतीनेही काही केलं नाही. मला माहीत आहे, कारण मीच लिहिलंय."

मग आत्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही लेखक असाल, नाही कुठे म्हणते मी? पण या विषयातला तुमचा अभ्यास किती?"

बाबा म्हणाले, "ह्याने लहानपणापासून एक काम कधी पुरं केलं नाही. आजच बरं वाक्य पुरं करावंसं वाटलं? कोणीतरी पढवून पाठवलंय ह्याला."

"एवढा मोठा राजा," आत्या बाबांकडे वळून म्हणाल्या, "आणि नुसता मरेल?"

"मी तेच म्हणतो आहे. नुसता कसा मरेल?"

"अपमान आहे हो हा महाराजांचा."

"घोर अपमान."

बाबांनी स्वतः उठून आत्यांना पाणी आणून दिलं. धाकटीचा चेहरा खुलला. क्षणभर मलाही वाटलं, चला, माझी शोभा झाली पण पोरीचं काम झालं. तेवढ्यात बाबांनी 'राजमृत्यू चौकशी समिती' जाहीर केली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव आत्या, बैठका दर रविवारी आमच्याकडे. आणि दोन घरांचे संबंध अहवालावर अवलंबून असल्यामुळे लग्नाची तारीख अहवाल आल्यावर, असं एकमताने ठरलं.

समितीने पहिलं काम केलं ते माझ्याविरुद्ध तक्रार कंपनीकडे पाठवण्याचं. कंपनीने माझ्यावर दोन आरोप ठेवले. मी गोपनीय माहिती उघड केली, हा एक. ती माहिती खोटी आहे, हा दुसरा. मी विचारलं, "सर, दोन्ही एकाच वेळी कसं?" वरिष्ठ म्हणाले की त्याची चौकशी होईल आणि तोपर्यंत मी घरी बसावं. माझ्या नोकरीत मंजूर झालेली ती सर्वांत मोठी रजा.

अहवालाला मुदतवाढ मिळाली. मग आणखी एक मिळाली. मुदतवाढ मागणारे बाबा आणि देणारेही बाबाच, त्यामुळे काही अडचण आली नाही. तेव्हा धाकटी आणि इंजिनियर, दोघांनी गुपचूप जाऊन नोंदणी कचेरीत लग्न केलं. साक्षीदार मी आणि चाचणीवाल्या बाई. या अख्ख्या प्रकरणात माझी साक्ष ग्राह्य धरली गेली ती तेवढीच.

कचेरीतून आम्ही थेट घरी आलो. सांगायचं, पाया पडायचं, बोलणी खायची, अशी धाकटीची तयारी होती. समितीची जादा बैठक भरलेली होती. शेजारी, आत्यांच्या दुकानातले लोक, बाबांचे जुने विद्यार्थी, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. धाकटी दारातूनच म्हणाली, "बाबा, आम्ही लग्न केलं."

बाबांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. "थांब गं जरा, पोच्यावर मतदान चाललंय."

ती थांबली. मतदान संपलं, फेरमोजणी सुरू झाली. आत्या भाच्याला म्हणाल्या, "तुम्ही दोघं मत देणार आहात का? नाही ना? मग दार लोटून घ्या, आवाज येतो." धाकटी रडली नाही असं मी सांगणार होतो, पण ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि आतून कोणीतरी "शू" केलं. त्याच आठवड्यात दोघं सामान घेऊन निघून गेले.

ही हकीकत मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. लोक मन लावून ऐकतात. शेवटाला आलो की खुर्ची पुढे ओढतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "आता आपल्यातच आहे, खरं सांग. राणीच ना?" धाकटी कुठे असते, सुखात आहे का, बापाशी बोलते का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारणार नव्हता. राजा म्हातारपणाने गेला हे मी पहिल्या पानावर सांगितलं, तेव्हाच तुम्हाला ते पटलं नव्हतं, खरं की नाही? काही हरकत नाही. रविवारी या. समितीत एक खुर्ची रिकामी आहे, धाकटीच्या खोलीतून आणलेली.