गंजातली माणसं

खंडारे मामा स्वयंपाक करताना गंजाशी, म्हणजे मोठ्या पातेल्याशी, भांडतात. पुटपुटत नाहीत, चांगले हातवारे करून भांडतात.

अमरावतीत मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो. पहिल्याच रविवारी खालून आवाज आला, "ऐकून राहिलो ना, बाप्पा. सगळ्यांचं येकदम कसं टाकू?" मला वाटलं, पाहुणे आलेत. पाण्याच्या मोटारीचं विचारायला खाली गेलो, तर घरात मामा एकटे. गॅसवर भला मोठा गंज, आणि त्यात डुकराचं मटण आपल्याच चरबीत चरचरत होतं.

मामा फौजेत ट्रक चालवायचे. ईशान्येकडच्या डोंगरात असं मटण करायला शिकले. तेल नाही, मसाला नाही. मटण, पाणी आणि मंद आच. बाकीची भर त्यांची स्वतःची.

"पत्ताकोबी आईची," जाड तुकडे आत सोडत ते म्हणाले. "मिरे बायकोचे. लसूण आमच्या थापाचा, थो फौजेत माह्या गाडीवर होता."

"ही मंडळी असतात कुठे?"

मामांनी पळी गंजाकडे केली. "हे काय. बसले हायेत."

तिघंही वारलेली आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात झाकण थडथडू लागलं. "आई, जरा दम धर," मामा म्हणाले, आणि झाकण थांबलं. आच त्यांनी कमी केली नव्हती. मी बघत होतो.

मग ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमाले काय आवडते? सांगा, टाकतो."

वांगं, असं ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. "काहीच नाही."

"काहीच आवडत नाही असा माणूस फौजेतबी नाही पायला," मामा गंजाला म्हणाले.

पुढे दर रविवारी ताट वर येऊ लागलं. चव अशी, की मी बोटं चाटायचो. पण प्रत्येक घास आधी नीट बघून घ्यायचो, वांगं तर नाही ना.

मामांची मुलगी सुनंदा अकोल्याला असते. आई गेल्यावर तिनं बापाला तिकडे न्यायचं ठरवलं होतं. मामा म्हणाले, "तुह्या आईले इथं कोणाच्या भरोशावर सोडू?" ती चिडली, थोडी घाबरलीही, आणि यायची बंद झाली. तिला आलू आवडतात. मी एकदा विचारलं, आलू का नाही टाकत? मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी एक पाऊल मागे सरलो. "पोरगी जिती हाय माही," ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी खालून आवाजच आला नाही. दुपारी मी उतरलो. मामा गंजासमोर गप्प बसले होते. वाफेत पत्ताकोबीच्या पानांमधून आलू वर येत होते.

मी दारातच थांबलो. "मामा, हे…"

"टाकले," ते म्हणाले.

मागच्या दारानं एक बाई पदरानं तोंड पुसत आत आली. मी भिंतीला टेकलो.

"हे कोण, बाबा?"

"वरचे भाऊ. यायले काहीच आवडत नाही."

"आलू मीच टाकले," सुनंदा मला म्हणाली, माझा चेहरा पाहूनच असावं. "सकाळच्या गाडीनं आली."

ती गॅसजवळ गेली, थोडी घुटमळली, मग वाफेवर वाकून हळूच म्हणाली, "आई, मी आली."

बराच वेळ रस्सा नुसता रटरटत राहिला. तिनं बापाकडे पाहिलं. "काही बोलत नाही ते."

मामांनी पळी खाली ठेवली.

"ते कोणाशीच बोलत नाही, माय," ते म्हणाले. "इतके दिवस मीच बोलून राहिलो."

सुनंदानं गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसली.