पाहुण्यांसाठीचं पाणी

एका जंगलात, बाळांनो, एक नगरपालिका होती. जंगलात नगरपालिका कशी, असं विचारू नका. तुमच्या गावात ती कशी आहे, हे तरी कुणी विचारतं का?

जंगलातून एक नदी वाहायची आणि नदीला एक नाला मिळायचा. सगळ्या जंगलाचं सांडपाणी त्या नाल्यात यायचं. तरसाच्या खाटिकखान्यातलं रक्त यायचं. माकडांच्या रंगाच्या कारखान्यातलं जांभळं पाणी यायचं. बाकीच्यांचं काय यायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रोज सकाळी तुम्हीही तेच करता.

नाल्याच्या खालच्या अंगाला सगुणा नावाची पाणमांजरीण राहायची. तिला एकच पिल्लू होतं, बिट्टी. बिट्टीच्या अंगभर फोड आले होते. नदीतले निम्मे मासे मेले होते, आणि उरलेले खाल्ले की ती ओकायची.

सगुणा नगराध्यक्षांकडे गेली. नगराध्यक्ष रानडुक्कर होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत.

"दादासाहेब, नाल्याचं पानी साफ करून सोडा की. माझी पोर हातची जाईल हो."

"अगं, मग यंत्र कशाला आणलंय आपण? चल, दाखवतो."

यंत्र खरंच होतं. एका बाजूनं घाण पाणी आत घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं स्वच्छ पाणी सोडायचं. उद्घाटनाचा हार अजून त्याच्या गळ्यात होता. वरून मेणकापड घातलं होतं.

"मग ह्ये चालू का न्हाई?"

"चालू ठेवलं तर झिजेल," दादासाहेब म्हणाले. "चांगली वस्तू आहे. साहेब आले की काढतो."

बाळांनो, तुमच्याही घरी काचेच्या कपाटात नक्षीचे कप असतील. त्यातून दूध मागितलं तर आई काय म्हणते? ते पाहुण्यांसाठी आहेत म्हणते. झालं तर मग. दादासाहेबांवर संस्कार चांगले होते.

पुढे साहेब आले. साहेब म्हणजे करकोचा. ते राजधानीतून पाणी तपासायला यायचे. येण्याआधी कळवायचे, कारण न कळवता कुणाकडे जाणं बरं दिसत नाही. मेणकापड निघालं, यंत्र घरघरलं आणि नाल्यातून असं पाणी आलं की ते बघायला गर्दी जमली. नाल्याच्या तोंडाशी नगरपालिकेनं एक खांब रोवला होता. साहेबांनी खांबापाशी चोच बुडवली, बाटलीत नमुना भरला, शाल-श्रीफळ स्वीकारलं आणि गरम भजी खाऊन ते गेले.

त्या दिवशी बिट्टी पोहली. तिनं एक मासा खाल्ला आणि तो पोटात राहिला. सगुणेनं लांबूनच साहेबांची दृष्ट काढली.

संध्याकाळी मेणकापड परत चढलं. पाठोपाठ नवे फोडही आले.

सगुणा विचार करत बसली. मग एका सकाळी ती जंगलभर ओरडत सुटली, "साहेब यायलेत! साहेब यायलेत!"

दादासाहेब अंथरुणातून उठून थेट यंत्राकडे पळाले. भज्यांचं पीठ भिजलं. साहेब आले नाहीत, पण पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सगुणा पुन्हा ओरडली. मग रोजच ओरडू लागली. खोटं बोलणं वाईट असतं, बाळांनो. पण बिट्टीचे फोड वाळायला लागले.

दादासाहेबांना यंत्राची काळजी लागली. असं रोज वापरलं तर चांगल्या वस्तूची वाट लागणार. ते स्वतः राजधानीला गेले.

"साहेब, आपण नमुना नेमका कुठं घेता?"

"खांबापाशी. खांब दिसला की चोच बुडवायची, असा नियम आहे."

"आणि खांब कुठं रोवायचा?"

साहेबांनी डोळे मिटून विचार केला. "तो तुमचा स्थानिक प्रश्न."

दादासाहेबांनी खांब उपटला आणि नाल्याच्या पुष्कळ वर, डोंगरातल्या झऱ्यापाशी रोवला. तिथलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे दिसायचे. यंत्रावर मेणकापड चढलं ते कायमचं. आता सगुणा ओरडली तरी कुणी कूससुद्धा बदलेना.

पाणी आपल्याकडे येत नसेल तर आपण पाण्याकडे जावं, असं सगुणेनं ठरवलं. बिट्टीला तोंडात धरून ती झऱ्यापाशी राहायला गेली. बिट्टी बरी झाली. खांबाभोवती गोल गोल पोहायची आणि आपलीच शेपटी पकडायची.

मग साहेब आले. त्यांच्या बाटलीत माशाचे खवले आणि पाणमांजराचा केस निघाला. साहेब गंभीर झाले. उभ्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच प्रदूषण सापडलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं, साहेब," सगुणा म्हणाली. "आमी हितंच ऱ्हातो. खाली नाल्याचं पानी लई वंगाळ हाय. एकडाव बघा तरी येऊन."

"खाली खांब आहे का?"

"न्हाई."

"मग बघणार कसं?"

पाणमांजरांना झऱ्यापासून हटवण्याचा हुकूम निघाला. दादासाहेबांनी तो त्याच दिवशी अमलात आणला. कामात ते कधी दिरंगाई करत नसत. मायलेकींना नाल्याखालच्या त्यांच्या जुन्या घरी पोचवण्यात आलं.

पुढच्या नमुन्यात काही निघालं नाही. प्रदूषण संपवल्याबद्दल नगरपालिकेला ढाल मिळाली. ती यंत्राशेजारी मेणकापडाखाली ठेवली. समारंभाला भजी होती. उरलेलं तेल नाल्यात ओतलं.

खाली बिट्टी आईला म्हणाली, "आये, आपुन घाण हाव का गं?"

पोरीला कवटाळून सगुणा रडली, आणि मग तिचं अंग चाटून साफ करायला लागली. चाटताना जीभ जांभळी होत होती.

त्यानंतर साहेब आले तेव्हा सगुणा एकटीच होती. नमुना उत्तम निघाला.

तात्पर्य : पाणी स्वच्छ ठेवणं अगदी सोपं आहे, बाळांनो. फक्त त्यात कुणी राहता कामा नये. आणि हो, नक्षीच्या कपांना हात लावू नका.