टेबल सातचं पाकीट

दूधसंघाच्या जुन्या कचेरीतलं संगणकांचं रिंगण बंद होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातलं निरोपाचं एक पाकीट अजून फिरत होतं.

त्याचं कुणाला नवल नव्हतं. अडचण एवढीच होती, की कचेरी पाडायची ठरली होती आणि पाकीट आत असताना तार तोडू नये असा नियम होता. म्हणून व्यवस्थापक निकाळजे साहेबांनी मुग्धा खरमाटे नावाच्या मुलीला बोलावून घेतलं. तिनं तारेला चिमटा लावून जाणाऱ्या पाकिटाची नक्कल पकडली, आणि ती उलगडून कागदावर छापणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. कागद आला. पाठवणार, टेबल चार. घेणार, टेबल चौदा.

कचेरीत टेबलं सातच. मग रीतसर ठराव करून टेबल चौदा आणलं, खिडकीपाशी मांडलं आणि आठ दिवस वाट पाहिली. पाकीट त्याच्यापुढून निघून जाई, ढुंकूनसुद्धा पाहत नसे. नवव्या दिवशी मुग्धाच्या ध्यानात आलं, की या रिंगणात पत्त्याचे चार ठिपके, म्हणजे शून्य-एकाचे अंक, उलट्या बाजूनं वाचायची चाल आहे. तसे वाचल्यावर पाठवणार झालं टेबल दोन आणि घेणार टेबल सात.

टेबल सात म्हणजे चहाची खोली. म्हणून येसबा धायगुड्याला पत्र गेलं.

येसबानं संघात एकतीस वर्षं शिपाईगिरी केली होती. आता ऐंशीला टेकला होता. पत्र नातसुनेनं वाचून दाखवलं.

"कुठल्या टेबलावरनं आलंय म्हणलीस?"

"दोन नंबरच्या, आबा."

येसबानं उठून धुतलेलं धोतर काढलं, ते नेसला, आणि सकाळच्या एसटीनं निघाला.

टेबल दोनवर वेणूताई राजहंस बसत. दुधाच्या फॅटचे आकडे त्यांच्याकडं असत. त्यांची बदली झाली त्या दिवशी त्या साडेचारच्या गाडीनं गेल्या, जाताना येसबाला एक शब्द बोलल्या नाहीत. बारा वर्षं रोज चहा पाजलेल्या माणसाला "येते" एवढंही नाही. तीन वर्षांपूर्वी ताई वारल्या. येसबानं कुणापाशी तक्रार केली नाही, पण मनात खडा राहिला तो राहिलाच.

कचेरी तशीच होती. येसबा एकेका टेबलावरून हात फिरवत चालला. चौदा नंबरपाशी थांबला.

"ह्ये कुणाचं?"

"कुणाचं नाही, आबा. चुकून आलंय," मुग्धा म्हणाली.

"असू दे. बसंल कुनीतरी."

त्यानं तिच्या यंत्राकडं पाहिलं. "आणि ही सी का काय म्हंत्यात, ती कशी बोलती?"

"कमी बोलते. तिला सगळं खालपासून सांगावं लागतं, आणि एक खूण विसरली तर रुसून बसते."

"म्हंजे आमचा मेव्हणाच की."

तो काळ येसबाला बरा वाटे. तारेतून एक बिल्ला फिरे, डोळ्यांना न दिसणारा. बिल्ला ज्याच्यापाशी आला, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. कुणी कुणाचं बोलणं तोडत नसे. टाकलेलं पाकीट टेबलाटेबलावरून जाई. ज्याचं असेल तो त्यावर दोन खुणा करी, एक पत्ता ओळखल्याची, दुसरी मजकूर उतरवून घेतल्याची, आणि पाकीट पुढं सोडी. फिरून ते पाठवणाऱ्याकडं आलं, की त्यानं खुणा बघायच्या, नसल्या तर वाट बघायची, असल्या तर स्वतःच्या हातानं ते उचलायचं. दुसऱ्याचं पाकीट उचलायची रीत नव्हती. फक्त टेबल एकवरच्या निरीक्षकाला ती मुभा होती. एकच पाकीट दोनदा पुढून गेलं, की त्यानं ते बेवारस समजून काढून टाकायचं. या पाकिटावर त्यानं पहिल्या फेरीची खूण केली, आणि दुसऱ्या फेरीआधी, तेवढ्या क्षणातच, तो निवृत्त झाला. जागा रिकामीच राहिली.

"चार वाजता निरीक्षकाचा पदभार मी घेतोय," निकाळजे साहेब म्हणाले. "मग पाकीट समोर आलं, की मला काढावंच लागेल. तुम्ही त्याआधी मजकूर ऐकून अंगठा द्या, बाबा."

"आता एका फेऱ्याला किती येळ लागतो?"

"पाऊण तास," मुग्धा म्हणाली. "पूर्वी डोळ्याची पापणी लवायच्या आत हजार फेऱ्या व्हायच्या. वय झालं त्याचं."

"सगळ्यांचंच झालं, बाय. वाच तू."

मुग्धानं कागद पुढं केला. "मजकूर असा काहीच नाही, आबा. खुणांच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत, आणि पुढं नुसते तीन आकडे. दोन, दोन, सात. मी चार वेळा तपासलं. बहुतेक बिघडलेलं पाकीट आहे."

येसबानं कागद घेतला. अक्षर त्याला येत नव्हतं, पण आकडे येत होते. म्हणून तर चहाचा निरोप सगळे आकड्यांत धाडत. आधी मागणाऱ्याचं टेबल, मग कप किती, मग आणायचा कुठं. ताईंचा निरोप बारा वर्षं एकच असे. दोन, एक, दोन. टेबल दोन, एक कप, टेबल दोनवर.

तो खाली बसला.

"किती वाजता टाकलंय ह्ये?"

"पावणेचार."

पावणेचारला येसबा फरशी पुसायचा. ओल्या फडक्यानं एकदा झटका बसला होता, तेव्हापासून पुसण्याआधी तो आपल्या यंत्राची तार उपसून ठेवी. तार उपसली की भिंतीतल्या डब्यात टिक् व्हायचं आणि रिंगण त्याला वगळून पुढं जायचं. त्या दिवशी ताई जाणार म्हणून त्यानं फरशी दोनदा पुसली होती. त्याच संध्याकाळी रिंगण बंद झालं आणि तार खुंटीलाच राहिली.

"बिघडलेलं न्हाई," येसबा म्हणाला. "टेबल दोन, दोन कप, टेबल सातवर. ताई हिकडं येणार हुत्या. माझ्यासंगं बसून च्या घेणार हुत्या." कागदाची घडी घालत म्हणाला, "हो म्हणालो न्हाई, म्हणून आल्या न्हाईत."

कुणी बोललं नाही. बिल्ला येसबापाशी होता.

मग तो उठला. चहाच्या खोलीत सात नंबरच्या यंत्राची तार बावीस वर्षं खुंटीला होती, ती त्यानं फडक्यानं पुसून जागेवर खोचली. भिंतीत टिक् झालं. स्टोव्ह पेटवला, दोन कप पाणी मोजून ठेवलं. पाकीट आलं तेव्हा मुग्धाच्या कागदावर दोन ओळी छापून आल्या. पत्ता ओळखला. मजकूर उतरवून घेतला.

"पण सातच्या पुढं ते आधी टेबल एकवर जाईल, मग दोनवर," मुग्धा हळूच म्हणाली. "सर, चार वाजायला एकच मिनिट आहे."

निकाळजे साहेब टेबल एकच्या खुर्चीपाशी उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, काढलं आणि किल्ली द्यायला घेतली.

"माझं दहा मिनिटं मागं आहे," ते म्हणाले. "पदभार माझ्या घड्याळानं घेतला जाईल."

पाकीट टेबल एकवरून गेलं. मुग्धा कागद बघत राहिली. तीन नंबरवर ते यायला हवं होतं, आलं नाही. तिनं प्रोग्राम पुन्हा चालवला. कागद कोरा आला.

"उचललं," ती म्हणाली.

"कोणी?" साहेबांनी विचारलं.

"नियमानं, पाठवणाऱ्यानंच."

साहेबांनी तशी नोंद केली. तार तोडायला आलेली माणसं पक्कड घेऊन दारात उभी होती, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं.

बाहेर टेबल दोनची खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. चहाच्या खोलीत येसबानं दुसऱ्या कपावर झाकलेली बशी काढली आणि समोरचं स्टूल धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"या, ताई," तो म्हणाला. "फरशी वली हाय, जपून."